९१ पर्सेंटाइल, ओबीसी मुलगी आणि ‘सीट बुकिंग’चे दोन लाख : कॅपचा पर्याय अर्ज कसा भरावा

नाशिक जिल्ह्यातल्या एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला एमएचटी-सीईटीत (पीसीएम गट) ९१.४ पर्सेंटाइल आहेत. प्रवर्ग ओबीसी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं आहे. ओळखीतला एक मध्यस्थ म्हणतो, ‘९१ ला कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) कॉम्प्युटर मिळत नाही, पुण्यात मॅनेजमेंटची सीट आहे, दोन लाख भरून आजच बुक करा.’ सायबर कॅफेवाल्याचा सल्ला वेगळाच : ‘पर्याय अर्जात (कॉलेज-शाखांच्या पसंतीक्रमाच्या यादीत) मोठी कॉलेजं वर टाकलीत तर पर्याय वाया जातात, मिळण्यासारखीच कॉलेजं वर टाका.’ आता काय करावं?

दोन लाख भरू नका, हे पहिलं उत्तर. पण दुसरा सल्ला पहिल्याइतकाच नुकसान करणारा आहे, आणि तो फुकट मिळालेला असल्यामुळे कुणी त्याच्याकडे संशयाने बघत नाही. म्हणून लिहिणार आहे ते बहुतेक त्याच्याबद्दल.

आधी मध्यस्थाचा विषय संपवू. विनाअनुदानित खासगी कॉलेजांत २० टक्क्यांपर्यंत जागा संस्था स्तरावर भरतात. लोक ज्याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात तो हाच. या जागांसाठीही कॉलेजने जाहिरात द्यायची, अर्ज मागवायचे, गुणवत्ता यादी लावायची आणि त्या क्रमाने प्रवेश द्यायचे, असा नियम आहे. त्या प्रवेशाला नंतर प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. यात ‘आगाऊ बुकिंग’ नावाची पायरी कुठेच नाही. मध्यस्थाच्या हातात दिलेल्या पैशांची कॉलेजची पावती मिळत नाही, आणि पावती नसेल तर पैसे परत मागायला आधार उरत नाही.

तुमच्या बाबतीत याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या मागास), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. आधी ही सवलत ५० टक्के होती. अट एकच, पण पक्की : प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. संस्था स्तरावरच्या जागेला ही सवलत नाही. हिशोब करून बघा. एखाद्या कॉलेजची वर्षाची फी समजा १,२०,००० आहे, त्यातलं शिक्षण शुल्क १,०४,००० आणि विकास शुल्क १६,०००. कॅपमधून गेलात तर तुम्हाला विकास शुल्क आणि किरकोळ रकमा भराव्या लागतील. त्याच कॉलेजात, त्याच वर्गात, मॅनेजमेंटच्या जागेवर बसलात तर चार वर्षांत ४,१६,००० रुपये जास्त जातील, मध्यस्थाचे दोन लाख वेगळे. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. मध्यस्थाने सांगितलेला आकडा आधी तिथे ताडून बघा.

आता ९१.४ ला कॉम्प्युटर मिळेल का? हे कॉलेजवर अवलंबून आहे. राज्यातल्या पहिल्या फळीच्या कॉलेजांत, म्हणजे पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, पुण्याचं पीआयसीटी, इथे कॉम्प्युटर मिळणार नाही, तो विचार सोडा. पण महाराष्ट्रात कॉम्प्युटर आणि तिच्या भावंड शाखांच्या जागा गेल्या काही वर्षांत खूप वाढल्या आहेत. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२४-२५ पासून एका शाखेच्या प्रवेश क्षमतेवरची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर अनेक खासगी कॉलेजांनी कॉम्प्युटर, एआय-डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी अशा शाखांच्या तुकड्या वाढवल्या. म्हणून ‘९१ ला मिळतच नाही’ हे विधान खोटं आहे. कुठे मिळेल, हे तुम्हाला स्वतः काढता येतं.

त्यासाठी परीक्षा आणि कॅप घेणाऱ्या राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची गेल्या वर्षीची कट-ऑफची पीडीएफ उघडा. प्रत्येक फेरीची वेगळी असते. प्रत्येक चौकोनात दोन आकडे दिसतात : वर राज्य गुणवत्ता क्रमांक, खाली कंसात पर्सेंटाइल. वरच्या ओळीतली इंग्रजी आद्याक्षरं वाचायला शिकलात की अर्धं काम झालं. पहिलं अक्षर जी असेल तर ती सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा : ओपन, ओबीसी, एससी, एसईबीसी, एनटी-१ वगैरे. शेवटचं अक्षर एच म्हणजे गृह विद्यापीठाची जागा, ओ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरची, एस म्हणजे राज्यस्तरीय. बारावी ज्या विद्यापीठाच्या हद्दीत केली ते तुमचं गृह विद्यापीठ. मुलगी नाशिकमध्येच बारावी झाली असेल तर ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, म्हणजे नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे हे तिन्ही जिल्हे तिला घरचे.

ओबीसी मुलगी चार रकान्यांत बसते : जी-ओपन, एल-ओपन, जी-ओबीसी, एल-ओबीसी. बहुतेक पालक फक्त शेवटचा रकाना बघतात. तसं करू नका. लहान कॉलेजांत कधी एल-ओबीसीचा कट-ऑफ जी-ओबीसीपेक्षा वर गेलेला दिसतो आणि पालक हबकतात. मुलीला दोन्ही जागा खुल्या आहेत, त्यामुळे चौघांतला सर्वात खालचा पर्सेंटाइल तिच्या कामाचा. यातली कुठली जागा हवी हे अर्जात निवडायचं नसतं, प्रणाली आपणच बघते. तुम्ही फक्त कॉलेज आणि शाखेचा सांकेतांक टाकायचा.

इथे एक बारकावा आहे. पर्सेंटाइल पर्सेंटाइलशी जुळवायचे की क्रमांक क्रमांकाशी? गुणवत्ता यादी लागेपर्यंत पर्सेंटाइल वापरा, दुसरं काही हातात नसतं. यादी लागली की क्रमांकावर या. जागा भरतात त्या क्रमांकाने. यंदा परीक्षा देणारे वाढले तर त्याच ९१.४ ला मागच्या वर्षीपेक्षा मोठा क्रमांक येतो, आणि जागा तेवढ्याच असतील तर पर्सेंटाइलचा कट-ऑफ वर सरकतो. पर्सेंटाइलवर विसंबून राहिलेल्यांना हा सरकलेला भाग फेरी लागल्यावर दिसतो.

आणि क्रमांकसुद्धा एकटा पुरत नाही. पहिल्या फेरीआधी सीट मॅट्रिक्स, म्हणजे कॉलेजनिहाय आणि शाखानिहाय जागांचा तक्ता प्रसिद्ध होतो. तो मागच्या वर्षीच्या जागांशेजारी ठेवा. एखाद्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या जागा १२० वरून २४० झाल्या असतील तर मागचा कट-ऑफ तिथे फसवा आहे, तो खाली येणार. उलट एखादी तुकडी बंद झाली असेल तर वर जाणार. मी यादी करताना प्रत्येक सांकेतांकापुढे चार आकडे लिहितो : मागच्या वर्षीच्या जागा, यंदाच्या जागा, पहिल्या फेरीचा शेवटचा क्रमांक, अंतिम फेरीचा शेवटचा क्रमांक. चारही एका ओळीत आले की तिथे शक्यता किती हे लगेच दिसतं.

फेऱ्यांचे आकडे बघताना एक काळजी घ्या. २०२५-२६ पासून कॅपच्या तीनऐवजी चार फेऱ्या झाल्या आणि जागा बंधनकारक होण्याचा नियम कडक झाला. त्याआधीच्या वर्षांत ‘तिसऱ्या फेरीत इतका खाली आला’ हे पाहून आजचा अंदाज बांधू नका. आता वरच्या क्रमांकाची मुलं लवकर जागेवर पक्की होतात, त्यामुळे नंतरच्या फेऱ्यांत जागा मोकळ्या होण्याची चाल वेगळी आहे.

हा नियमच सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. पहिल्या फेरीत तुमचा पर्याय क्रमांक १ मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच घ्यायची, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या ३ पर्यायांपैकी काहीही मिळालं तरी तेच. तिसऱ्या फेरीत पहिल्या ६ पैकी काहीही. चौथ्या फेरीत जे मिळेल ते अंतिम. या मर्यादेबाहेरचा पर्याय मिळाला, समजा पहिल्या फेरीत सातवा, तर तुम्ही १,००० रुपये जागा स्वीकृती शुल्क भरून ती जागा हातात ठेवू शकता आणि चांगल्या पर्यायासाठी पुढच्या फेरीत उतरू शकता. पुढे वरचा पर्याय मिळाला तर आधीची जागा आपोआप सुटते, नाही मिळाला तर आधीची राहते. प्रत्येक फेरीआधी पर्याय अर्ज नव्याने भरता येतो. यंदाच्या माहितीपुस्तिकेत हे आकडे बदललेत का, ते अर्ज भरण्याआधी पाहून घ्या. दरवर्षी काही ना काही हलतं.

आता सायबर कॅफेवाल्याच्या सल्ल्याकडे. जागावाटप कसं होतं ते समजलं की तो का चुकीचा आहे हे आपोआप कळतं. संगणक गुणवत्ता यादीतला पहिला उमेदवार घेतो, त्याचा पर्याय १ रिकामा आहे का बघतो, असेल तर देतो, नसेल तर २, मग ३, असा खाली जातो. मग दुसरा उमेदवार, मग तिसरा. समजा तुमच्या मुलीचा क्रमांक २५,००० आहे. तिची पाळी येईपर्यंत तिच्या आधीच्या २४,९९९ जणांना जे मिळायचं ते मिळून गेलेलं असतं. आता संगणक तिची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे पहिली मोकळी जागा दिसेल तिथे थांबतो.

यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. एक, वर अशक्य वाटणारी कॉलेजं टाकली तर नुकसान शून्य. संगणक तिथे ‘जागा नाही’ म्हणतो आणि पुढच्या पर्यायावर जातो. पर्याय वाया वगैरे काही जात नाही, तीनशेपर्यंत पर्याय टाकता येतात. दोन, एखादं कॉलेज चौथ्या क्रमांकावर टाकलं काय नि चाळिसाव्यावर टाकलं काय, ते मिळण्याची तिची पात्रता तेवढीच राहते. चाळिसाव्यावर टाकलं म्हणून तिच्या मागच्या क्रमांकाची मुलगी, जिने तेच कॉलेज पहिलं टाकलंय, ती जागा आधी घेऊन जाऊ शकत नाही. वर टाकल्याने हक्क वाढत नाही, खाली टाकल्याने कमी होत नाही. क्रम एवढंच सांगतो की दोन्ही मिळत असतील तर कुठलं द्यायचं.

मग ‘मिळण्यासारखं’ कॉलेज वर टाकल्याने काय होतं? ते मिळतं, आणि फ्रीझ होतं. समजा मुलीला मनातून नाशिकच्या के. के. वाघ कॉलेजचं कॉम्प्युटर हवं आहे, पण भीतीपोटी तुम्ही एक नवीन, साधं कॉलेज पर्याय २ वर टाकलंत. पहिल्या फेरीत ते नवीन कॉलेज मिळालं, तुम्ही हजार रुपये भरून पुढे गेलात. दुसऱ्या फेरीत अर्ज तसाच ठेवला. के. के. वाघ या फेरीत नाही आलं, पण पर्याय २ पुन्हा तिच्या नावावर आला, आणि आता तो पहिल्या तिनांत आहे. जागा पक्की. तिसऱ्या फेरीत वाघची जागा मोकळी झाली तरी ती तिला मिळणार नाही, कारण ती प्रक्रियेतूनच बाहेर गेलेली आहे. तेच साधं कॉलेज पर्याय १५ वर असतं तर सुरक्षितता तीच राहिली असती आणि वरचा रस्ता उघडा राहिला असता. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये रडवेल्या चेहऱ्याने येणारी मुलं बहुतेक याच एका चुकीची असतात.

म्हणून यादीचे पहिले सहा क्रमांक वेगळ्या नजरेने भरा. पर्याय १ असा हवा की मिळाला तर ‘बस, झालं’ असं मुलगी म्हणेल. १ ते ३ असे की यांतलं काहीही आलं तरी हळहळ नाही. ४ ते ६ सुद्धा तिच्या मनापासूनच्या पसंतीचेच. हे सहा तिच्या क्रमांकाच्या बरेच वर असले तरी चालेल. सातव्यापासून पुढे शक्यतेची कॉलेजं आणि शेवटी नक्की मिळतील अशी. तुमच्या मुलीसाठी मी साधारण ६० ते ८० पर्याय धरीन. दहा-बारा पर्याय भरून ‘एवढे पुरे’ म्हणणारे पहिल्या फेरीत रिकाम्या हाताने राहतात, आणि मग घाबरून दुसऱ्या फेरीत नको ते वर टाकतात.

पसंती ठरवण्याची एक रीत सांगतो, साधी आहे पण उपयोगी पडते. निवडलेल्या प्रत्येक कॉलेज-शाखेची एक चिठ्ठी करा, टपालाच्या कार्डाच्या निम्म्या आकाराची. कट-ऑफ त्यावर लिहू नका. जेवणाच्या टेबलावर दोन चिठ्ठ्या ठेवा आणि मुलीला विचारा : उद्या सकाळी या दोन्ही ठिकाणांहून प्रवेश मिळाल्याचा निरोप आला तर कुठे जाशील? उत्तर येईल ती वर. मग तिसरी चिठ्ठी घ्या, वरच्याशी तुलना, मग खालच्याशी. तासा-दीड तासात पंधरा-वीस चिठ्ठ्यांचा क्रम लागतो. कट-ऑफ समोर असला की माणूस नकळत ‘जास्त कट-ऑफ म्हणजे चांगलं’ असं लावतो, आणि मुलीला घरापासून लांब राहायचं आहे की नाही, हॉस्टेल-मेसचा खर्च झेपतो की नाही, हे प्रश्न मागे पडतात. फी माफ झाली तरी पुण्यातलं राहणं-खाणं माफ होत नाही. नाशिकला घरून ये-जा आणि पुण्यात हॉस्टेल यांतला चार वर्षांचा फरक तुम्ही स्वतः मांडा आणि तो आकडा मुलीलाही दाखवा.

शाखा की कॉलेज? याचं एकच उत्तर देणारा माणूस घाईत आहे असं समजा. कॉम्प्युटर, आयटी आणि एआय-डेटा सायन्स यांत पदवीच्या पातळीवर अभ्यासक्रम बराचसा सारखा असतो. त्यामुळे चांगल्या कॉलेजचं आयटी हे कमकुवत कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या वर टाकायला मी कचरत नाही. ई-अँड-टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) बाबतीत विचारायचं ते मुलीला. तिला गणित आणि हार्डवेअर आवडत असेल तर जुन्या, चांगल्या कॉलेजचं ई-अँड-टीसी उत्तम, आणि सॉफ्टवेअर कंपन्या अनेक कॉलेजांत या शाखेच्या मुलांनाही बसू देतात. पण तिला त्यात अजिबात रस नसेल तर कॉलेजच्या नावासाठी चार वर्षं सिग्नल्स आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक्सशी झगडत बसवू नका. शासकीय कॉलेजंही यादीत घ्या : अवसरी खुर्द, जळगाव, छत्रपती संभाजीनगर, कराड. मुलं ‘गाव लहान आहे’ म्हणून ती सोडून देतात. फी कमी आणि शिक्षकांच्या नियुक्त्या शासनाच्या, हे मात्र विसरतात.

खासगी कॉलेज तपासताना माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी विचारा. ज्या शाखेत जायचं त्या शाखेला एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकन आहे का? कॉलेजला असणं वेगळं, शाखेला असणं वेगळं. जागा दुप्पट झाल्या असतील तर त्या शाखेत कायमस्वरूपी शिक्षक किती वाढले? आणि नोकरीच्या आकड्यांत सर्वात मोठं पॅकेज सांगितलं तर त्यांना मधला आकडा विचारा : या शाखेतली किती मुलं नोंदणी करून बसली, त्यांपैकी किती लागली, आणि पगाराच्या क्रमाने अगदी मधल्या मुलाला किती मिळाले? जे कॉलेज हे सरळ सांगतं ते माझ्या यादीत दोन पायऱ्या वर जातं.

सांकेतांक टाकताना दोन ठिकाणी फसायला होतं. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या जागा, मंजूर क्षमतेवर ५ टक्के जास्तीच्या असतात आणि त्यांचा सांकेतांक वेगळा असतो, शेवटी इंग्रजी टी असतो. तो वेगळा टाकला नाही तर त्या जागेचा विचारच होत नाही. उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्याने तुमची मुलगी पात्र आहे. पण या जागांना जातनिहाय आरक्षण नसतं आणि कट-ऑफ बहुधा वर असतो. तिला ओबीसी मुलगी म्हणून शुल्कमाफी आहेच, त्यामुळे नेहमीचा सांकेतांक आधी आणि त्याच शाखेचा टी लगेच खाली, असा क्रम ठेवा. खुल्या प्रवर्गातल्या मुलासाठी मी हाच क्रम उलटा लावतो. दुसरं ठिकाण म्हणजे प्रादेशिक भाषेतल्या तुकड्या. पुण्यातल्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने २०२१ मध्ये कॉम्प्युटर मराठीतून सुरू केलं. यादीत शाखेच्या नावापुढे ‘प्रादेशिक भाषा’ असं इंग्रजीत लिहिलेलं असतं आणि घाईत नजरेतून सुटतं. मराठीतून शिकायचं असेल तर जरूर टाका, पण ठरवून टाका.

आता कागद. इथे चुकलं तर वरचं सगळं वाया जातं. ओबीसीसाठी तीन कागद लागतात : जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि जात वैधता प्रमाणपत्र. नॉन-क्रीमी लेयर हा प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो, म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२७ पर्यंतचा. घरात आहे तो जुना असू शकतो, आजच तारीख बघा. वैधतेचा अर्ज जिल्हा जात पडताळणी समितीकडे अकरावी-बारावीतच करायचा असतो. प्रमाणपत्र हातात नसेल तर पावतीवर अर्ज भरता येतो, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र सादर झालं नाही तर राखीव जागेवरचा प्रवेश टिकत नाही. समितीकडे प्रकरण पडून असेल तर यादी बनवण्याआधी तिकडे चक्कर मारा.

याशिवाय अधिवास प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला (त्यावर राष्ट्रीयत्व ‘भारतीय’ लिहिलेलं आहे ना, बघा), तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेत आणि आधारवर सारखं हवं. मुलीचं बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर शुल्कमाफीचा अर्ज करताना सगळ्यात जास्त प्रकरणं याच दोन कारणांनी अडकतात, आणि कॉलेज मग पूर्ण फी मागतं.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की फक्त क्रमांक बघून खूश होऊ नका. तिच्या नावापुढे प्रवर्ग ओबीसी, लिंग, उमेदवारीचा प्रकार आणि गृह विद्यापीठ बरोबर आहे का, हे चारही तपासा. हरकती नोंदवायला मोजके दिवस मिळतात. अंतिम यादीनंतर ‘चुकून ओपन लागलं’ म्हणून काही बदलत नाही.

पर्याय अर्ज भरून झाला की तो निश्चित करावा लागतो. नुसता जतन केलेला अर्ज फेरीत धरला जात नाही. पासवर्ड मुलीजवळ ठेवा, ओटीपी येणारा मोबाइल घरातला असू द्या, कॅफेवाल्याचा नको. निश्चित केल्यावर प्रत काढा आणि सांकेतांक एक-एक करून चिठ्ठ्यांशी ताडा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं. हे शेवटच्या दिवशी नको, एक दिवस आधी करा.

चार फेऱ्या होऊनही मनासारखं झालं नाही तर? रिकाम्या राहिलेल्या कॅपच्या जागा शेवटी कॉलेजच्या पातळीवर भरल्या जातात, आणि मध्यस्थ ज्या कॉलेजचं नाव घेतोय तिथेही तेव्हा जागा असू शकते. त्या वेळी कॉलेजच्या प्रवेश कक्षात स्वतः जा, शुल्कमाफी लागू होईल की नाही हे लेखी घ्या, फी भरून कॉलेजची पावती घ्या आणि मूळ कागदपत्रं दाखवून लगेच परत घ्या. एआयसीटीईच्या नियमांनुसार कॉलेजला मूळ कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत, आणि जाहीर केलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी फी परत द्यावी लागते. हीच दोन वाक्यं मध्यस्थाला आत्ता विचारून बघा : मूळ कागदपत्रं परत मिळतील का, आणि रद्द केलं तर हजार कापून बाकी पैसे कोण देणार, तुम्ही की कॉलेज?